विज्ञान उद्यानातल्या भाजक्या मिरच्या

सरकारनं आमच्या गावात संशोधन आणि नव्या उद्योगांसाठी विज्ञान उद्यान बांधलं, तेव्हा राजधानी सोफियाला गेलेली पोरं आता परत येतील असं मंत्री म्हणाले होते. पोरं आली नाहीत. नोकरी लागली ती एकट्या रुमेनाला, झाडलोट आणि किल्ल्या सांभाळायची.

रुमेना माझी शेजारीण. सप्टेंबरात आमच्याकडे घरोघरी लाल गोड मिरच्या भाजून, सोलून हिवाळ्याच्या बरण्या भरतात. पण आमच्या इमारतीत मिरच्यांच्या दोन विजेच्या भट्ट्या एकदम लावल्या की फ्यूज उडतो आणि वरची बाई धुरावरून भांडायला येते. उद्यानातल्या रिकाम्या प्रयोगशाळेत वीज दणकट, शिवाय धूर ओढून घेणारी काचेची कपाटं. रुमेनानं आम्हा सगळ्या बायकांना पोत्यांसकट तिकडे नेलं.

"अगं, कोणी पाहिलं तर?" मी म्हटलं.

"कोण पाहणार? शास्त्रज्ञ आहेत कुठे? पोतं उचल."

एक दिवस उद्यानाचे संचालक क्रास्तेव आले. आम्ही नुकत्याच आवरून बाहेर पडलो होतो. रुमेनाला म्हणाले, "उद्या सोफियाहून तपासणी आहे. उद्यान वापरात दिसलं नाही तर कुलूप. मग मीही घरी आणि तुम्हीही. एक बरं आहे, विजेचा वापर दांडगा दिसतोय."

पेन्शन तोंडावर आलेल्या रुमेनाच्या डोक्यात 'वीज' एवढाच शब्द राहिला. चोरी उघडी पडणार म्हणून तिनं भट्ट्या, बरण्या लपवल्या आणि प्रयोगशाळा अशी घासली की तिथे कधी कोणी पाऊलही ठेवलं नसेल असं वाटावं.

तपासायला आलेल्या देल्चेवाबाई सगळीकडे फिरल्या. "इतकी वीज जाते, आणि काम कुठाय?"

क्रास्तेव रुमेनाकडे बघत राहिले, रुमेना फरशीकडे. देल्चेवाबाईंनी काचेचं कपाट उघडून आत नाक घातलं.

"मिरच्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा एकदा हुंगलं.

"सोलता कशा? पाण्याखाली?"

रुमेनानं मान वर केली. नोकरी गेली तर गेली, पण हे ऐकून घेणं शक्य नव्हतं. "ज्यांना चव मोरीला पाजायची असेल त्यांनी सोलाव्या पाण्याखाली."

"हे जरा आमच्या सासूबाईंना येऊन सांगा," देल्चेवाबाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. रुमेनानं लपवलेली बरणी काढली, पाव कापला. अर्धी बरणी संपल्यावर बाईंनी निकाल दिला, "इथलाच माल, इथलीच माणसं. उद्यान आणखी कशासाठी असतं? अन्नप्रक्रिया म्हणून रीतसर उद्योग काढा. मात्र केस झाकायचे. पुन्हा तपासायला येईन."

उद्यान वाचलं, रुमेनाही वाचली. आम्ही मात्र अडकलो. परवा मी टोपी विसरले, तर रुमेनानं दारातच अडवलं.

"आपलं काय काम आहे?"

"रुमेना, मी आहे गं."

"ते दिसतंय. केसही दिसतायत."

मुकाट्यानं घरी जाऊन टोपी आणली. परतले तर दारात क्रास्तेवसाहेब उभे, डोक्यावर बायकोची अंघोळीची फुलाफुलांची टोपी, आणि रुमेना त्यांना म्हणत होती, "कानावरचे राहिलेत, साहेब. आत घ्या."