हौशीराम आचारी तालमीत जातो

कार्ल्यात कुणाच्या घरी लग्न ठरलं, की शहाणी माणसं आधी भटजींकडं न जाता हौशीराम हुलावळ्याच्या दारात यायची. मुहूर्त एक चुकला तर दुसरा मिळतो, पण हौशीराम आचारी एकदा दुसऱ्या गावाला शब्द देऊन बसला, की मग पंगतीला कुणाच्या तरी हातची पिचपिचीत आमटी प्यावी लागायची. वाकसईपासून मळवलीपर्यंत त्याच्या हाताला तोड नव्हती. लग्नात लोक जेवून मग ढेकर देत. हौशीराम आधी ढेकर देई आणि मगच पंगत बसवी. आमटीचं मीठ, बुंदीचा पाक, भाताचं शीत, सगळं तो जिभेवर पारखून घेई, आणि पारख एका घासात झाली असं सहसा होत नसे.

त्यामुळं चाळिशी ओलांडता ओलांडता त्याचं अंग चहूबाजूंनी सुटलं. गावात त्याला कुणी जाडा म्हणत नसे. ‘खात्यापित्या घरचा’ म्हणत, ‘भारदस्त’ म्हणत. आचारी काटकुळा असला तर त्याच्या स्वयंपाकावर भरवसा कोण ठेवणार, असं हौशीराम स्वतःच म्हणे आणि पोटावरून हात फिरवी. त्याची बायको मुक्ताबाई शेवग्याच्या शेंगेसारखी सडसडीत होती. ती म्हणे, “माज्या वाटचं बी ह्येंनीच खाल्लं.”

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या पुढच्या वैशाखातली गोष्ट. नवलाख उंबरे गावाला मोठं लग्न होतं. चुलवणावर भाताचं तपेलं चढलेलं, खाली एक ओंडका नीट पेट घेईना. हौशीराम तो सारायला उकिडवा बसला, आणि बसला तो बसलाच. उठायला गेला तर गुडघे ऐकेनात. थोडा वेळ त्यानं जाळच निरखतोय असा आव आणला. बसल्या बसल्या हुकूम सोडले, “कोथिंबीर चिरा, पानी आना.” पण धूर सगळा तोंडावर यायला लागला, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, तेव्हा त्याला बारीक आवाजात सांगावं लागलं, “आरं, मला जरा उटवा.”

दोघांनी हात ओढले, एकानं मागून रेटा दिला. चिखलात रुतलेली गाडी काढावी तसा कुणीतरी “हर हर महादेव” पुकारा केला. वाजंत्रीवाल्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं सनई फुंकली. वऱ्हाड नवरानवरीला सोडून चुलवणाकडं पळालं. त्या दिवशी जिलबी झकास झाली होती, पण लोक बोलले ते आचारी उठवल्याचंच.

परतताना बैलगाडीत हौशीराम गप्प होता. मुक्ताबाई म्हणाली, “हसले तर हसले. कुनी उपाशी तर न्हाई ना ग्येलं?” दुसऱ्याच दिवशी त्यानं लोणावळ्याची वाट धरली.

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले, पोटाकडं पाहिलं. “गुडघ्यांनी तुमचं काय घोडं मारलंय? हे ओझं उतरवा. व्यायाम करा.”

त्या काळी कार्ल्यात व्यायाम म्हणजे तालीम. मारुतीच्या देवळाला लागून एक ठेंगणी, जाड भिंतींची खोली, आत लाल मातीचा हौदा, कोपऱ्यात मारुतीची तसबीर, आढ्याला टांगलेला दोर. पहाटे तिथं गावची तरणी पोरं जोर-बैठका काढत. हौशीरामनं आजवर त्या दारातून प्रसादाचं ताट तेवढं आत दिलं होतं.

आधी लंगोट हवा. तो सोपान शिंप्याकडं गेला आणि पुतण्यासाठी शिवायचाय म्हणाला.

“पुतन्याची कंबर केवडी?” सोपाननं विचारलं.

“माज्यायेवडीच समज.”

सोपान हसला नाही. त्यानं फक्त दातात धरलेला दोरा कचकन तोडला आणि माप घ्यायला टेप काढली. टेप पुढून सुरू झाली, मागून फिरून आली, पण आपल्या शेंड्याला काही भेटेना. संध्याकाळपर्यंत पारावर लोक हौशीरामला पुतण्याची खुशाली विचारू लागले.

तरी गडी मागं हटला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे लंगोटावर धोतर, त्यावर गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा, अशा थाटात तो तालमीत शिरला. महिपती वस्ताद चौथऱ्यावर बसले होते. सत्तरीचा म्हातारा, डोक्याला फेटा, अंगात जाडजूड बाराबंदी, हातात वेताची छडी. आवाज असा की शेजारी मारुतीलासुद्धा दचकायला व्हावं.

“ये, आचारी. कापडं खुट्टीला लाव आन् मातीला हात लाव.”

हौशीरामनं आत नजर टाकली. घामानं चकाकणारी, घोटीव अंगं. त्यात त्याला आपला सदरा एकदम भिंतीएवढा दिसायला लागला.

“वस्ताद, सदरा असू दे. सर्दी झालीया.”

“मातीत सर्दी पळती.”

“तसं न्हाई… अंगावर जरा खरूज उटलीया.”

छडी हवेत थांबली. “खरूज? मग उंबऱ्याच्या आत येऊच नगं. पोरास्नी लागंल!”

हौशीरामच्या ध्यानात आलं, आपण काय बोलून बसलो. आचाऱ्याला खरूज झाल्याची बातमी एकदा पारावर गेली, तर मावळात त्याच्या हातचा पाण्याचा पेला कुणी घ्यायचं नाही. “न्हाई न्हाई, वस्ताद! खरूज न्हाई! काय बी न्हाई! आंग अगदी सोच्छ हाय!”

“मग काड की सदरा!”

आता पळवाट उरली नाही. त्यानं गळ्याच्या बटणाला हात घातला. तालमीतला आवाज बंद पडला. जोर काढणारी पोरं तशीच हातांवर थांबली. त्यांच्यातला सगळ्यात मोठा पैलवान बजरंग मात्र भला, तो मुद्दाम आढ्याची लाकडं बघू लागला. पोरं हसली असती तर हौशीरामनं सोसलं असतं. बजरंगचं ते आढ्याकडं बघणं त्याला सोसलं नाही.

“घरी चुलीवर दूध ठेवलंय, उतू जायाचं,” म्हणून तो जो निघाला, तो घरी येऊनच थांबला.

आषाढात भाताची लावणी लागली. सगळं गाव चिखलात उतरलं. हौशीरामला भावांनी शेतात येऊच दिलं नाही. मागच्या वर्षी तो खाचरात मांडीपर्यंत रुतला होता आणि त्याला काढण्यात लावणीचा अर्धा दिवस गेला होता. त्यानं घरी राहून लावणीकऱ्यांच्या भाकऱ्या-कालवण करायचं, पाटी शेतात पोचवायची आणि मागं फिरायचं. तशी पाटी पोचवून एके दुपारी तो परतत होता. गावात चिटपाखरू नव्हतं. तालमीच्या दाराला नुसती कडी होती, तीही काढलेली. आत कोण असणार आता? कुणी बघायच्या आत एखादी बैठक काढून बघावी, म्हणून हौशीरामनं हळूच दार लोटलं.

आत महिपती वस्ताद होते. फेटा खुंटीला, बाराबंदी खुंटीला. दोराला दोन्ही हातांनी धरून म्हातारा सावकाश बैठका काढत होता. छातीच्या बरगड्या दुरून मोजता याव्यात. दंडाची कातडी रिकाम्या पोत्यासारखी लोंबत होती. मांड्या चिपाडासारख्या.

दोघांची नजरानजर झाली. वस्तादांनी झडप घालून फेटा ओढला आणि छातीवर धरला.

“कोन हाय त्ये?”

“मी… आचारी.”

“दार लाव!”

हौशीराम गोंधळला. “आतनं का भायेरनं?”

पन्हाळीचं पाणी पडत राहिलं. मग वस्ताद म्हणाले, “आतनं.”

हौशीराम कडी लावून कडेला टेकला. वस्ताद फेटा छातीशी धरून चौथऱ्यावर बसले. आवाजातली जरब कुठं गेली होती कुणास ठाऊक.

“ही छाती बगाया लोक पार पुन्याहून यायचे, हौशीराम. आता पोरांम्होरं बाराबंदी काडायची छाती व्हत न्हाई. वस्तादाचा असा सापळा बगून ती शिकत्याल का पळत्याल?”

हौशीरामच्या तोंडून निघून गेलं, “वस्ताद, तुमचं कमी पडलंय, माजं जादा झालंय. वाटून घिऊ की.”

म्हातारा आधी रोखून बघत राहिला. मग त्याच्या पोटातून असं हसू फुटलं की ठसकाच लागला. ते हसणं चालू असतानाच हौशीरामनं सदऱ्याची बटणं काढली. पोट मोकळं सुटलं. वस्तादांनी वरपासून खालपर्यंत निरखून घेतलं आणि म्हणाले, “आबाबा! ह्यात तर दोन पैलवान निगत्याल.”

तेव्हापासून रोज दुपारी दार आतून बंद. हौशीराम भिंतीला टेकून अर्धी बैठक काढी आणि मालगाडी घाट चढतेय असा धापा टाकी. वस्ताद दोर धरून पुरी बैठक काढीत आणि वर येताना ‘मारुतीराया’ म्हणत. एक थांबला की दुसरा डिवची. येताना हौशीराम वस्तादांसाठी तांब्याभर खीर आणी आणि स्वतः मात्र चव घेण्यापुरतीच घेई. पुढं पुढं तर चवही वस्तादांनाच विचारू लागला. वस्तादांच्या गालावर थोडं मांस दिसू लागलं. हौशीरामचं धोतर सैल झालं.

इकडं मुक्ताबाईच्या डोक्यात किडा वळवळू लागला. नवरा शेतावर पाटी टेकवतो, घटकाभर बसत नाही, जेवत नाही. संध्याकाळी घासून घासून आंघोळ करतो आणि वर गुणगुणतो. बायका म्हणाल्या, “मुक्ते, पुरुस जेवान सोडाया लागला म्हंजी एक तर दुखनं, न्हाई तर दुसरंच कायतरी.” हौशीरामला दुखणं नव्हतं हे मुक्ताबाईला पक्कं ठाऊक होतं.

एके दुपारी ती हातातली रोपाची मूठ बांधावर टाकून, इरलं डोक्यावर घेऊन, गुडघ्यापर्यंत चिखलाची तशीच त्याच्या मागं निघाली. नवरा तालमीत शिरला आणि आतून कडी लागली. तिनं खिडकीच्या फटीला डोळा लावला.

आत तिचा नवरा आणि महिपती वस्ताद, दोघं लंगोटावर, समोरासमोर उभे राहून शड्डू ठोकत होते. एकाचा शड्डू डफासारखा वाजत होता, दुसऱ्याचा सुक्या लाकडासारखा. चौथऱ्यावर तिच्या घरचा खिरीचा तांब्या होता. मुक्ताबाईनं पदर तोंडात कोंबला, पण हसू थांबेना. आत आवाज गेला. वस्ताद खांबाआड लपले आणि हौशीराम वस्तादांच्या आड लपला.

“अवो, भायेर व्हा!” मुक्ताबाई बाहेरून ओरडली. “त्या म्हाताऱ्यामागं तुमी मावत न्हाई!”

हौशीरामनं पोट आत ओढून घेतलं.

“येवड्यासाटी दार लावता व्हय? लगीन झाल्यापास्नं मी बगतीया त्ये प्वाट. मी आंधळी झाले का?” ती जायला वळली आणि पुन्हा फटीशी आली. “आन् वस्ताद, तुमास्नी रोज खीर पुरती का? उद्यापास्नं दूध जास्त घालीन म्हनते.”

तिनं ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. फक्त लावणीच्या पातीत तिच्या डाव्या हाताला असलेल्या जावेला सांगितली. जावेनं तिच्या डाव्या हाताच्या बाईला. पात लांबलचक होती.

श्रावणात नागपंचमी आली. तालमीचा तो मोठा सण. हौद्याची माती आदल्या दिवशीच खणून, चाळून ठेवायची आणि सणाला तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून कालवायची. सगळं गाव दाराशी जमायचं. पोरांनी ताक एकदम ओतलं आणि मातीचे हे एवढाले गोळे झाले. वस्तादांनी छडी आपटली. “असं पीठ मळतात व्हय? आचारी कुटं हाय?”

हौशीराम गर्दीतून पुढं झाला. त्यानं बाह्या वर केल्या आणि गोळे फोडायला घेतले. बाही ताकात लोळायला लागली. लग्नाच्या गडबडीत फडकं काढून टाकावं तसा त्यानं सदरा डोक्यावरून काढला, बाजूला फेकला आणि पुन्हा हात घातला. “ताक धारंनं सोड. हां. आता तेल. आरं, हळद चुरून टाक, मुठीनं फेकू नगं.” तळहाताखाली माती मऊ, रवाळ होत चालली. त्यानं चिमूट उचलून वास घेतला. चव घ्यायलाही बोटं ओठांपर्यंत गेली होती.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सगळं शांत झालंय. त्यानं खाली पाहिलं. पोट उघडं, बेंबीपर्यंत हळदीनं पिवळं. दारात सगळं गाव. मारुतीच्या ओट्यावर बायका. त्याचे हात थांबले, कान तापले. सदरा पार भिंतीपाशी पडला होता.

बजरंग आज आढ्याकडं बघत नव्हता. तो गुडघे टेकून शेजारी बसला. “थांबू नका, भाऊ. पुन्ना गोळे व्हत्याल.”

हौशीराम क्षणभर त्याच्याकडं बघत राहिला. मग पुन्हा माती कालवू लागला. लोक हसले, नाही असं नाही. सोपान शिंपी तर डोळे पुसत होता. पण हौशीरामही मध्येच हसला, आणि हसताना पोट हललं तेही लोकांनी बघितलं. माती बिघडू द्यायची नव्हती, बाकी मग बघू, असा त्यानं हिशेब केला.

माती तयार झाली. पहिलं पाऊल वस्तादांचं. दरवर्षी ते बाराबंदीतच अंगठा टेकवून मागं फिरत. या वेळी ते चौथऱ्यावर उभे राहिले आणि एकेक बंद सोडू लागले. बाराबंदी उतरली. पोरांनी आपल्या वस्तादाच्या बरगड्या पहिल्यांदा पाहिल्या.

“बगतोस काय, बजरंगा?” वस्ताद गरजले. “वाट हीच हाय. तू बी हितंच येनार हाएस!”

बजरंगनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मग रांगच लागली.

पुढं दुपारचीही तालीम उघडी राहू लागली. वाणी यायचा, शाळेचे मास्तर यायचे, कंबर धरलेले दोन म्हातारे यायचे. महिपती वस्ताद आणखी काही वर्षं जगले आणि शेवटच्या पावसाळ्यापर्यंत उघड्या अंगानं चौथऱ्यावर बसले. हौशीराम काही बारीक झाला नाही. कमरेचा घेर थोडा उतरला, गुडघे पुन्हा ऐकू लागले, एवढंच. गावानं त्याला आचारीच म्हटलं. पण मुक्ताबाई आता भाताचं पोतं दारात पडलं की हाक मारायची, “अवो पैलवान, तेवडं आत घ्या.”

आणि तो उठून घ्यायचा.