पिसेबाईंचं वटवाघूळ

पिसेबाईंविषयी लिहायला बसलो खरा, पण मला त्यांची फारशी माहिती नाही. त्यांचं खरं नाव कधीतरी पगाराच्या रांगेत ऐकलं होतं, तेही विसरलो. मी संग्रहालयाच्या तिकीटखिडकीत बसायचो, त्या मागच्या खोलीत पक्ष्यांचे पुतळे करायच्या. पदराला कायम पिसं चिकटलेली, म्हणून पिसेबाई.

एकदा साहेबांनी नवं काचेचं कपाट सजवायला सांगितलं. एकाच झाडावर धनेश पक्षी आणि फळं खाणारं मोठं वटवाघूळ. दोघंही बिया टाकत रान वाढवतात, एक उजेडात, दुसरं अंधारात. "हे जमलं तर तुमची खोली राहील. नाहीतर यापुढे पुतळे बाहेरूनच मागवू," साहेब म्हणाले.

धनेश असा झाला की मी लांबूनच हात जोडले. ती बाकदार चोच, तिच्यावरचं शिंग! वटवाघळाने मात्र घात केला. जन्मभर पक्षीच केलेले, त्यामुळे बाईंनी त्याचेही पंख कुशीपाशी संपवले आणि पाय मोकळे सोडले. उलटं टांगल्यावर ते रेनकोट घातलेल्या कावळ्यासारखं दिसायला लागलं.

"हसा, तिकीटमास्तर, हसा."

"हसत नाही हो, खोकला आलाय."

"खोकताना दात दिसतात होय?"

मग बाई दालनातल्या वटवाघळाच्या सांगाड्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघितलं, स्वतःचा पंजा पसरून त्याच्याशेजारी धरला आणि ओरडल्या, "अहो, हा पंख नाहीच! लांबच लांब बोटांचा हात आहे हा!"

सगळी शिवण उसवली. तारेची बोटं केली, त्यांच्यावर पातळ कातडं ताणलं आणि ते थेट पायाच्या घोट्यापर्यंत नेऊन शिवलं. टांगल्यावर वटवाघूळ शाल गुंडाळून झोपल्यासारखं दिसलं.

कपाट लोकांसाठी खुलं झालं त्या दिवशी एक आजी नातीवर खेकसल्या, "काचेवर टकटक करू नकोस गं, जागं होईल ते!" साहेब पोट धरून हसले. "बाई, खोली तुमचीच. नवे दिवेही बसवून घ्या." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही खिडकी सोडून धावलो, मागे रांगेने शिव्या घातल्या तरी. बाई भर दालनातून ताठ मानेने चालत गेल्या. तसं चालताना मी कुणालाच पाहिलेलं नाही.

मी निवृत्त झालो, तेव्हा निरोप घ्यायला त्यांच्या खोलीत डोकावलो.

"काय चाललंय?"

"घुबड. डिंक ओला आहे, दार हळू लावा."

"लावतो."