कागदावरची पाणीवाली

नवरा गेल्यावर पंचफुला माळीण वाशीमकडच्या एका सरकारी दवाखान्यात पाणी भरायला लागली. तिथल्या म्हाताऱ्या दाईच्या हाताखाली ती बाळंतपणं करायला शिकली. दाई वारली आणि ते सगळं काम पंचफुलाच्या अंगावर पडलं. अकरा वर्षं तिनं ते केलं. पगार मात्र पाणीवालीचाच, महिना आठ रुपये.

१९३६ साली नागपूरहून ललिताबाई नर्स आल्या. त्यांच्याकडे सर्टिफिकेट होतं, पगार पस्तीस. पण अडलेली बाई समोर आली की त्या पंचफुलालाच हाक मारायच्या. डॉक्टरसाहेब पंचफुलाला म्हणाले, "यांना सगळं नीट दाखव."

तिनं दाखवलं. मग पगारवाढीचा अर्ज लिहून घेऊन वर पाठवला. चार महिन्यांनी तो परत आला. वर शेरा होता: प्रसूतीचं काम येत असल्याचा नर्सचा दाखला जोडावा.

"जिले म्या शिकोलं, तिचाच दाखला?" पंचफुला भडकली. तरी ललिताबाईंकडे गेली. त्यांनी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "पाणीवालीला कसला दाखला?"

"बरं," पंचफुला म्हणाली. "मंग आता मी पानीच भरतो."

आठ दिवस ती रांजण भरून ओसरीत बसून राहिली. आतून हाका आल्या तरी उठली नाही.

नवव्या दिवशी केनवडची आवडाबाई बैलगाडीतून आली. दोन दिवसांपासून अडलेली. ललिताबाई धावत बाहेर आल्या. "मूल पायाळू आहे. चल ना गं!"

"साहेबाले बलवा."

"ते जऊळक्याला लग्नाला गेलेत. दौरा म्हणून लिहून ठेवलंय."

आतली बाई किंचाळली. पंचफुलानं दात-ओठ खाल्ले, हात धुतले आणि आत गेली. तासाभरात मुलगी रडली.

पाणीवालीनं अडलेली बाई सोडवली असा गावभर बोभाटा झाला, तसे साहेब घाबरले. आपण कुठे होतो हे कोणी विचारायच्या आत त्यांनी पंचफुलालाच नोटीस दिली: परवानगीवाचून खोलीत शिरली, खुलासा द्यावा. खाली साक्षीला ललिताबाईंची सही.

"काहून सही केली वो बाई?"

"माझी नोकरी आहे, पंचफुला."

"अन् माही नव्हती?"

हातातली भरली बादली तिनं साहेबांच्या टेबलावर आदळली. पाणी कागदांवर पसरलं. "घ्या खुलासा," म्हणाली आणि निघून गेली.

ती भाऊ दौलतरावच्या भाजीच्या मळ्यात राबू लागली. दोन महिन्यांनी दवाखान्याचा शिपाई गोपीचंद धापा टाकत बांधावर आला. "एक बाई अडली हाय. साहेबानं बलावलं."

"तिले इथं आना. त्या दवाखान्यात माहा पाय पडनार नाई."

गाडी आली. सोबत ललिताबाईही उतरल्या. पंचफुलानं बाईला आधार देऊन घरात नेलं. ललिताबाई मागोमाग उंबऱ्यापर्यंत आल्या, तशी ती वळली.

"तुमी बाहीरच थांबा," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.