आनांनी सही केली तेव्हा

“माझा तुकडा सोडून बाकी सगळं घ्या,” आना म्हणाल्या आणि त्यांनी माझं लीफलेट घडी घालून मलाच परत दिलं.

बर्मिंगहॅमच्या कडेला या अलॉटमेंट्स आहेत. अलॉटमेंट म्हणजे भाजीपाला लावायला कौन्सिलकडून, इथल्या पालिकेकडून, भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. ज्याचा त्याचा वेगळा. आमच्या कॅम्पेनला ते सगळे तुकडे जोडून एकच शेत करायचं होतं. पिकेल ते फूड बँकेला, गरजूंना फुकट वाटायला. कौन्सिलची अट एकच, सगळ्यांची सही पाहिजे. मी कॅम्पेनची पगारी ऑर्गनायझर. लीफलेट लिहायचं, दारोदार जायचं, लोकांना तयार करायचं. बाकी सगळे तयार झाले होते. आना नाही.

मी चिडले होते. माझ्या घराण्यात कुणाच्या नावावर कधी वीतभर जमीन नव्हती. जमीन सगळ्यांची असावी, हे मला लीफलेट वाचून कळलेलं नाही. आणि इथे एक बाई गूजबेरीच्या चार झुडपांसाठी अडून बसलेली!

“पण का?” मी विचारलं.

त्यांनी मला शेडमध्ये बसवलं, थर्मासमधला चहा दिला. आना मूळच्या रोमेनियाच्या, इथल्या हॉस्पिटलच्या लाँड्रीतून रिटायर झालेल्या. त्या लहान असताना तिथल्या कम्युनिस्ट सरकारने जवळच्या शहरात पोलादाचा कारखाना काढला. योजना वरून ठरलेली. कामगारांना धान्य हवं, म्हणून गावातली सगळी शेतं एकत्र करायची.

“तुझ्यासारख्याच मुली यायच्या,” त्या म्हणाल्या. “हुशार, चांगल्या. हातात कागद. वडील मागच्या दाराने जंगलात पळायचे. आई सांगायची, घरी नाहीत.”

“मारायचे का?”

“आमच्या घरी नाही. भावाला शाळेतून काढलं. मग वडिलांनी सही केली. बैल गेले, नांगर गेला.”

“आणि कारखाना?”

“झाला ना. वडील त्यातच लागले. पगार वेळेवर व्हायचा. बैलांचं नाव मात्र त्यांनी परत काढलं नाही.”

मी तडक आमच्या कमिटीच्या अध्यक्षांकडे गेले. गौतमकाका, रिटायर्ड फॅमिली डॉक्टर. मला लहानपणापासून ओळखतात.

“काका, आनांचा तुकडा वगळू या. मध्ये कुंपण घातलं की झालं. कौन्सिलशी मी बोलते.”

“एकीला कुंपण दिलं की उद्या सगळेच मागतील. प्रज्ञा, तू आमची ऑर्गनायझर आहेस की तिची वकील?”

“अहो, पण त्या नाही म्हणतायत.”

“आपल्या आजोबांना कुणी विचारलं होतं, जमीन हवी का म्हणून? फूड बँकेच्या रांगेतल्यांना कोण विचारतं?”

ते खोटं नव्हतं. तरी मी कमिटीत मुद्दा मांडला. हात वर करायला सांगितले. माझा एकटीचा वर गेला.

पुढे कुणी आनांना वाईट बोललं नाही. फक्त शेजारच्याने पाण्याचा पाइप देणं बंद केलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर “काही लोकांमुळे” अशा सुरुवातीचे मेसेज यायला लागले. बिया वाटताना आनांची आठवण कुणाला होईना. मी एकेकाशी भांडले. “आम्ही काय केलं?” जो तो म्हणायचा. खरंच, एकेकट्याने काहीच केलं नव्हतं.

एका शनिवारी आना आपणहून आल्या आणि पेन मागितलं.

“नका करू,” मी म्हणाले. “मी अजून भांडते.”

“भांडशील गं. पण तू गेल्यावर मला इथे याच लोकांत राहायचंय.”

त्यांनी सही केली.

काकांनी मला प्रेस रिलीज लिहायला सांगितलं. ‘सर्वांच्या राजीखुशीने’ हे शब्द मी घातले नाहीत. ते त्यांनी घातले.

शेत उत्तम चाललंय. कांदे, बटाटे, लीकची पात फूड बँकेत जाते आणि लगेच संपते, इतकी गरज आहे. मी अजून तिथेच काम करते. जमीन सगळ्यांची असावी, असं मला अजूनही वाटतं. आना मात्र शेतावर परत आल्या नाहीत. पहिल्या पिकाच्या जेवणाचं बोलावणं घेऊन मी त्यांच्या घरी गेले. दारातच म्हणाल्या, “तू कधीही ये. कमिटीकडून येऊ नकोस.”

आमच्या कामात होकार मोजतात. त्यातून काही कळत नाही. नाही म्हणणाऱ्याशी लोक दुसऱ्या दिवशी कसे वागतात, तेवढं बघावं.