विलासच्या गुडघ्याची पट्टी

विलास मैदानाच्या कडेला बसून गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळत होता. आमच्या कबड्डी मंडळाचा हा सगळ्यात जुना चढाईपटू, वय एकेचाळीस. गुंडाळताना त्याने दात आवळून धरले होते. ते बघवेना, म्हणून मी खाली बघत राहिलो.

खाली मैदान होतं. कबड्डीचं मातीचं मैदान अधूनमधून खणावं लागतं, माती चाळून पुन्हा बसवावी लागते. दोन महिने खेळ बंद. ते दोन महिने मी, या संघाच्या प्रशिक्षकाने, कधी दिलेच नाहीत. स्पर्धा तोंडावर आली की पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि म्हणायचं, एवढा चषक आणू, मग बघू. संघाचंही मी तेच केलं. नवी पोरं उतरवली तर दोन वर्षं हरावं लागेल, या धास्तीने त्यांना राखीवच बसवलं. ती कंटाळली आणि एकेक करून दुसऱ्या मंडळांत गेली. आता चषक ठेवायला कपाट पुरत नाही, आणि राखीव म्हणून बसायला कुणी नाही. माती दगडासारखी झाली आहे. विलासचे गुडघे तिनेच खाल्ले.

"सर, यंदाची स्पर्धा झाली की मी मोकळा ना?" त्याने विचारलं.

"मोकळा," मी म्हणालो.

गेल्या वर्षीही मी हेच म्हणालो होतो. त्यालाही ते आठवत असणार. पट्टीचं टोक माझ्या हातात देऊन त्याने पाय लांब केला.

"मग जरा घट्ट बांधा."