मावशींना ऐकू येत नव्हतं

आमच्या रविवारच्या शाळेत सगळ्यात लहान मुलांचा वर्ग ज्या घ्यायच्या, त्यांना सगळे मावशी म्हणायचे. पाळकसुद्धा. आठवड्याचे सहा दिवस मावशी कापड गिरणीत मागावर उभ्या असायच्या आणि सातव्या दिवशी चर्चच्या मागच्या खोलीत, आम्हा बारा पोरांसमोर. आवाज खणखणीत. कुणी कुजबुजलं की म्हणायच्या, "इकडे तोंड करून बोल, बाळा. भिंतीला सांगतेस की मला?" आम्हाला ती शिस्त वाटायची. ती भीती होती, हे त्यांनी मला फार पुढे सांगितलं.

बावीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढून त्यांचे कान गेले होते. आधी बारीक आवाज गेले, मग लांबचे, मग पाठीमागून येणारे. गिरणीतल्या बायका त्या गोंगाटात एकमेकींचे ओठ बघूनच गप्पा मारतात. त्या सवयीवर मावशींनी तीन वर्षं निभावून नेली. माहीत होतं ते फक्त धाकट्या बहिणीला. "ताई, तुला ऐकू येत नाही असं कसं म्हणू?" ती म्हणायची, "जेवायला हाक मारली की बरोबर येतं!" पण हसून झालं की तीच विचारायची, "पाळकांना कधी सांगणार?"

मावशी विषय बदलायच्या. कमी ऐकू येणाऱ्या बाईच्या हाती कोण आपली पोरं देईल? आणि वर्ग गेला तर आपल्याकडे राहिलं काय?

अशात नवे पाठ सुरू झाले. देवाने दिलेली पाच इंद्रियं. पहिल्या रविवारी डोळे झाले. पुढच्या रविवारी कान.

तो आठवडा मावशींना जेवण गोड लागलं नाही. त्यांनी डब्यात टाचण्या घालून हलवल्या. काही नाही. कागद टरकावला. काही नाही. किल्ल्यांचा जुडगा जरासा आला. शेवटी बहिणीला दाराआड उभं केलं, कुठला आवाज किती मोठा येतो ते तिला विचारलं आणि चिठ्ठीवर लिहून घेतलं. "परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरीसारखी वाटत होते मी," त्या मला म्हणाल्या.

पाठ मात्र झकास झाला. आम्ही डोळे मिटायचो, त्या वस्तू वाजवायच्या, आम्ही ओरडून नाव सांगायचो. मग त्यांनी विचारलं, "देवाला ऐकू येतं का रे?"

कुणी "हो" म्हणालं, कुणी वर छताकडे बघितलं.

"येतं. मोठ्याने केलेली प्रार्थना, मनातली प्रार्थना, कोपऱ्यात बसून केलेली मुसमुससुद्धा. म्हणून आपणही एकमेकांचं ऐकायचं. कुणी हाक मारली की ओ द्यायची."

शेवटी खेळ होता. एकाने लपून टाळ्या वाजवायच्या, बाकीच्यांनी आवाजावरून त्याला शोधायचं. लपायचा मान चिमणीला मिळाला. चिमणी चार वर्षांची, आमच्यात सगळ्यात लहान आणि नवीन. आम्ही भिंतीकडे तोंड करून वीस मोजायला लागलो आणि मावशी फळा पुसायला वळल्या. एवढीच काय ती पाठ फिरली.

वीस झाले. टाळी नाही.

बाकांखाली पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, व्हरांडा पाहिला. आधी आम्ही खिदळत होतो. मग मावशींनी जोरात हाक मारली, मग आम्ही सगळेच ओरडू लागलो. उपासनेला अजून तासभर होता, आवारात चिटपाखरू नव्हतं. फाटक उघडं होतं आणि बाहेर ट्रक धावत होते. मावशी फाटकापर्यंत पळाल्या, दोन्हीकडे पाहून पळतच परत आल्या. चेहरा पांढराफटक. मोठी माणसंही घाबरतात हे मला त्या दिवशी कळलं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"ती ओ देतही असेल," त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "आणि मला..."

एकदम त्यांनी आमच्यासमोर गुडघे टेकले. "मुलांनो, मला नीट ऐकू येत नाही. मी तुमच्यापासून लपवलं, चुकलं माझं. आता बोलायचं नाही, हलायचं नाही. नुसतं ऐका. काही आलं की बोट दाखवा."

आम्ही अकरा जण गप्प झालो. एका पोरीने रडू दाबायला फ्रॉक तोंडात कोंबला. माझ्या कानात माझीच धडधड वाजत होती, आणि मला वाटत होतं की त्या धडधडीमुळे मला दुसरं काहीच ऐकू येणार नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग टक. फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखं. पुन्हा टक. मी बोट दाखवलं. शेजारच्यानेही त्याच दिशेला दाखवलं. गायनमंडळाचे झगे ठेवायची खोली.

तिथे एक जाडजूड लाकडी पेटी होती. झगे उन्हात टाकायला काढल्यामुळे तिचं झाकण उघडं राहिलं होतं. चिमणी आत शिरली, झाकण आपटलं आणि बाहेरची कडी आपोआप बसली. मावशींनी कडी ओढली, पण ती निघेना. निघाली तेव्हा नखातून रक्त आलं होतं. आत चिमणी घामाने चिंब, ओठ निळसर. तिने मोठा श्वास घेतला आणि भोकाड पसरलं. ते मावशींना ऐकू आलं.

त्यांनी काही झाकलं नाही. चिमणीची आई आणि पाळक यांना समोर उभं करून सगळं सांगितलं. आई पोरीला छातीशी धरून निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मावशींना वाटलं.

"आधी सांगितलं असतंत तर मी वर्ग काढून घेतला असता, असं वाटलं तुम्हाला?" पाळकांनी विचारलं.

"हो."

"घेतलाही असता," पाळक म्हणाले. मग आत गेले आणि पेटीची कडी उपटून टाकली.

तीन महिने आमचा वर्ग दुसऱ्या बाईंनी घेतला. मग मावशी कानात यंत्र घालून परत आल्या, त्या बाईंच्या जोडीला. त्याच रविवारी चिमणीची आई दारात येऊन उभी राहिली, मुलीचा हात घट्ट धरून.

"आता ऐकू येतं तुम्हाला?"

"बरंचसं. सगळं नाही."

"मग मी इथेच बसते."

ती वर्षभर मागच्या बाकावर बसली. तुम्हाला राग नाही आला का, असं मी मोठी झाल्यावर मावशींना विचारलं.

"राग कसला गं?" त्या म्हणाल्या. "माझी भीती काही गेली नव्हती. ती बाई मागे बसलेली दिसली की मला फळ्याकडे वळता यायचं."