वापीतली अँचोवी

कोरियन जेवणातलं मला फार कळतं असं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे न कळणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. पण सीमेपलीकडे गुजरातमधल्या वापीतल्या तीन कोरियन हॉटेलांत मी जेवले आहे, आणि पहिल्या दोनांना कोरियन म्हणायचं तर आमच्या तलासरीच्या नाक्यावरच्या भजीवाल्यालाही म्हणावं लागेल.

कॉलेजात 'परिसरातील खाद्यसंस्कृती' असा प्रकल्प होता. माझ्या जोडीला बोर्डीची मैत्रीण होती, चिकूच्या वाडीवाल्यांची. ती कोरियन मालिका बघते आणि 'हो' म्हणायचं तिथे 'ने' म्हणते. सीमेवरच्या आमच्या बोलण्यात गुजरातीतला 'ने' आधीच जागोजाग असल्यामुळे ती कोरियन बोलते आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

"वापीच करू. तलासरीत काय आहे लिहिण्यासारखं?" ती म्हणाली. हे ती तलासरीतच उभी राहून म्हणाली. मी मान हलवली.

पहिल्या हॉटेलाच्या पाटीवर लिहिलं होतं, 'जैन किमची मिळेल'. किमची म्हणजे लसूण-तिखट लावून आंबवलेला कोबी. इथे लसूण नाही, कांदा नाही, आंबवलेली तर नाहीच. मग यात आहे काय, असं मी भीत भीत विचारलं. वेटर म्हणाला, "संभारो छे, बेन. उपर लाल मरचुं." म्हणजे फाफड्याबरोबर मिळतो तो परतलेला कोबी. मैत्रिणीने त्याचे सात फोटो काढले.

दुसऱ्या हॉटेलात भिंतीला गुलाबी कागदी फुलं होती आणि प्रत्येक पदार्थावर चीज. भातावर चीज, शेवयांवर चीज. रबर लावून जोडलेल्या चॉपस्टिक्सनी ते उचलताना मला आमच्या बैलाच्या तोंडाची लाळ आठवली. हे मी अहवालात लिहिलं नाही.

तिसरं हॉटेल कारखान्यांच्या मागे होतं. कंपन्यांत आलेले कोरियन साहेब तिथे जेवतात. फुलं नव्हती, चीज नव्हतं. स्वयंपाक करणारी बाई वयस्कर, कोरियन. सूप यायच्या आधी त्याचा वास आला.

तो वास माझ्या डब्याचा होता. तलासरीच्या बाजारात किनाऱ्यावरच्या झाई गावच्या कोळणी सुकी मांदेली विकतात, आई त्यांच्याकडूनच घेते. पहिल्या वर्षी मी डबा उघडला तेव्हा ह्याच मैत्रिणीने नाकाला रुमाल लावला होता. "आमच्या वाडीवरचे मजूर आणतात हे. आम्ही ताजीच मासळी खातो. तू बाहेर बसून खा ना, प्लीज." मी बाहेर बसून खाल्लं. घरी आईला सांगितलं, मांदेलीचा वीट आला. तेव्हापासून दोन वर्षं डब्यात बटाटा.

आता ती डोळे मिटून म्हणत होती, "काय ऑथेंटिक वास आहे! अँचोवी आहे ही."

"मांदेली आहे," मी म्हणाले. "सुकी."

"काहीतरीच तुझं! अँचोवी वेगळी असते गं."

मी त्या बाईला वाटीकडे बोट दाखवून हाताने मासा करून दाखवला. ती हसली, आत गेली आणि मूठभर सुके मासे घेऊन आली. अगदी मांदेली नाही म्हणता येणार, पण मांदेलीची धाकटी बहीण नक्की. मी एक उचलून मैत्रिणीच्या नाकासमोर धरला.

"बाहेर बसून खाऊ का?"

"अगं, ते तू अजून धरून बसलीस?" असं म्हणत ती सूप पीत राहिली. वाटी तिने चाटूनपुसून संपवली. मग म्हणाली, "अहवालात अँचोवीच लिही हं. मांदेली लिहिलंस तर मार्क जातील."

मी मांदेली लिहिलं. तिने खोडलं, मी पुन्हा लिहिलं. आता ती वेगळ्या बाकावर बसते.

पण आईला सांगायला त्याहून जास्त धीर लागला. ती भाकरी थापत होती. मी म्हणाले, "आई, उद्या डब्यात मांदेली दे."

"वीट आला व्हता ना तुला?"

"खोटं बोलले होते. वर्गात मैत्रीण वास येतो म्हणाली होती." मग वापीचं सगळं सांगितलं. ती बाई, ती मूठ, ती वाटी.

आईने भाकरी तव्यावर टाकली. माझ्याकडे बघितलंही नाही.

"म्हंजे परदेशातल्या बाईनं शिजवली तवा तुला चव आली. मी शिजवत व्हते तवा नुसता वास व्हता."

मी पिठाची परात तिच्याकडे सरकवली.

"उद्या बटाटाच ने," ती म्हणाली. "मांदेली बाजाराच्या दिशी बघू."